मोर्चात पुढे कोण?

एका जंगलात एक मंच होता. इतर जंगलांत वाघ असतो, आमच्या जंगलात मंच होता. नीट मांडी घालून बसा पाहू, बाळांनो. ही गोष्ट मला चांगली ठाऊक आहे, कारण त्या समता मंचाचा चिटणीस मीच. मी म्हणजे बगळा.

जंगलात एकच तळं. त्याचा स्वच्छ काठ पांढऱ्या आणि रंगीत प्राण्यांसाठी. काळ्यांनी पलीकडच्या चिखलात प्यायचं. तळ्याचा मालक म्हणवणाऱ्या मोराने स्वच्छ काठावर एक रानडुक्कर राखणीला ठेवलं होतं. ते स्वतः काळंच होतं, पण नोकरी लागली की असलं काही आठवत नाही. हा सगळा घोर अन्याय आहे, हे आम्हाला मान्य होतं. म्हणून तर मंच.

मंचाचा एक नियम होता. बोलण्याआधी प्रत्येकाने पिसांची कबुली द्यायची. आपला रंग कोणता, त्यापायी आपल्याला काय काय आयतं मिळालं, ते सांगायचं. पिसं नसतील त्याने कातडीची द्यायची. माझी कबुली फार गाजायची. "मी पांढरा आहे, मला लाज वाटते," म्हणून मी मान खाली घातली की मागची माकडं डोळे पुसायची. मग मी स्वच्छ काठावर जाऊन पाणी पिऊन यायचो. कबुलीने घसा कोरडा पडतो हो.

एका उन्हाळ्यात चिखलाच्या काठचं पाणी आटलं. पारू कावळीण धापा टाकत बैठकीत आली.

"दादा, पोरं चोची वासून बसल्यात. ते डुक्कर मला एकलीला हुसकावतं. तुम्ही पाचसहा जण संगं चला, म्हंजी गप बसंल."

"चलणार!" आम्ही गरजलो. "मोर्चा काढणार!"

इथपर्यंत सगळं छान झालं. मग प्रश्न निघाला की मोर्चात पुढे कोण. तत्त्व सोपं होतं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय, तो पुढे.

"म्हणजे मी," म्हैस म्हणाली. "माझ्याइतकं काळं आहे का कोणी इथे?"

"ताई, रंग काय मोजता? दुःख मोजा," कोकिळा म्हणाली. "माझं गाणं सगळ्यांना हवं. माझा काळा रंग मात्र नको."

"तू कुठची काळी? काळा तुझा नवरा. तू तर ठिपक्यांची!"

कोकिळा रडायलाच लागली. आपली पोरं कावळ्यांच्या घरट्यात वाढतात, तेव्हा कावळ्यांचं दुःख आपल्याइतकं कुणाला कळणार, असं ती हुंदके देत म्हणाली. खरं सांगायचं तर पारूच्या घरट्यात तहानेने व्याकूळ झालेल्या दोन पिल्लांतलं एक या कोकिळेचंच होतं. पण चर्चा रंगात आलेली असताना घरगुती विषय काढायचे नसतात.

मग मी उठलो. रीतसर कबुली दिली आणि म्हणालो, "सोसावं पांढऱ्यांनाही लागतं. ढोंगी माणसाला जो तो बगळाभगत म्हणतो. आमच्या अख्ख्या जातीचा हा अपमान कुणी मोजायचा?"

"तिकडचं गार पाणी पितोस आणि वर रडतोस!" म्हैस उसळली.

"पितो, हे मी कबुलीत सांगितलेलं आहे," मी शांतपणे म्हणालो. पुरोगामी असण्याचा हा मोठा फायदा असतो.

पारू हळूच माझ्याजवळ सरकली. "दादा, ऱ्हाऊ द्या तो मोर्चा. तुम्ही रोज तिकडं जाताच की. चोचीतनं घोटभर आणाल का?"

मला भरून आलं. "अगं, ती दया झाली. मी तुझ्यावर दया करू? मग समतेचं काय?"

"दया तर दया! पोरं मरत्याल हो माझी!"

"तुझ्या भावना इतिवृत्तात घेतो," मी म्हणालो.

 पारू उडून समोरच्या सावरीवर बसली आणि ओरडली. चारी दिशांनी कावळे आले. कावळ्यांची ही खोड आहे. कुणी हाक मारली की आधी येतात आणि मग काय झालं ते विचारतात. पुढे कोण, मागे कोण, काही धरबंध नाही. सगळे मिळून त्या डुकरावर असे तुटून पडले की ते शेपूट वर करून पळालं ते पळालंच.

पारूने पोटभर पाणी प्यायच्या आधी चोच भरून नेली. दोन्ही पिल्लांच्या घशात ओतली. त्यातलं आपलं कुठलं, याची चौकशी तिने केली नाही.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे तळ्यावर गेलो. काठावर कावळ्यांची ही गर्दी! पारूने सरकून जागा केली.

"या दादा. आता हितं कुणालाच मनाई न्हाई."

मला लाज वाटली, बाळांनो. कबुलीतली नव्हे, खरीच. एकट्याला इतकी लाज झेपेना, म्हणून मी मंचाची तातडीची बैठक बोलावली. सर्व घटकांना सोबत न घेता परस्पर पाणी प्यायल्याबद्दल कावळ्यांच्या निषेधाचा ठराव मी मांडला. म्हैस आणि कोकिळा यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. खुलासा करायला पारूला निरोप धाडला होता. ती आली नाही. पोरांना उडायला शिकवत होती म्हणे.

तात्पर्य: तहान लागल्यावर विहीर खणायला धावू नये. पहिली कुदळ मारायचा मान कुणाचा, ते आधी ठरवावं. तहानलेले काय, आपली सोय आपण करून घेतात. मंच मात्र आपल्यावाचून कोण सांभाळणार?