उनाला आडवं येव नका

घरतांचे दामूकाका गच्चीवर आले की माणसं आपापली सावली आवरून घेतात. पाहुण्यांची छत्री, पोरांचे पतंग, जोशीवहिनींची तुळस, सगळ्यांना त्यांचा एकच दम असतो, "उनाला आडवं येव नका."

त्याचं असं झालं. सुकापुरातल्या आमच्या चार इमारतींनी मिळून सौरविजेची सहकारी संस्था काढली. गच्च्यांवर पॅनल बसले, सभासदांच्या घरी त्यांची वीज जाऊ लागली. मी चिटणीस झालो आणि काका देखरेख करू लागले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पण पिढ्यान्‌पिढ्या जासईच्या मिठागरावर राबलेल्या घरच्या माणसाला उन्हाचं काय सांगणार? पॅनलना ते मिठाचे वाफे म्हणत, रोज सकाळी फडक्याने पुसत आणि ढग आला की त्याला आगरी शिव्या घालत.

गेल्या हिवाळ्यात दुपार कलली की वीज घसरू लागली. तपासायला आलेला माणूस म्हणाला, यंत्र ठीक आहे, कुणाची तरी सावली पडतेय. झालं! काकांचा संशय गेला सुफियाभाभींच्या दोरीवर. भाभी करंजा बंदरावरून बोंबील आणून गच्चीच्या कोपऱ्यात सुकवतात आणि विकतात. नवऱ्याची आखातातली नोकरी सुटल्यापासून घर त्यावरच चालतं. काकांनी सभेत दोरी काढायचा ठराव मांडला.

भाभी शांतपणे उठल्या. "दामूभाई, सावली माझी निघाली तर दोरी मी स्वतः कापेन. माझी नाही निघाली तर?"

शेवटी रविवारी खात्री करून घ्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी भाभी आणि मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला खुर्च्या टाकून बसलो. दोरी गेली तर भाभींची चूल कशी पेटणार, हेच माझ्या डोक्यात. बोंबलांची सावली मात्र भिंतीवरून हलेना. तेवढ्यात काका आले. पहिल्या पॅनलसमोर कठड्याशी गेले आणि जासईकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची सावली पॅनलवर आडवी पसरली. माझ्या मोबाइलवरचा विजेचा आकडा धाडकन खाली आला.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी हाक मारली. काकांनी वळून आधी मला पाहिलं, मग ती सावली पाहिली. त्यांचा चेहराच उतरला.

"या येलेला आमी मीठ वढायचो," ते म्हणाले. "आय भाकर घेऊन बांधावर उभी रायची. आता तिथं कंटेनर हायत. हितून काय दिसत नाय. तरी रोज पाय हितंच येतात."

भाभींनी दोरीचं नावही काढलं नाही. आपली खुर्ची उचलून त्यांनी बोंबलांशेजारी ठेवली. "इथं बसा, दामूभाई. इथली सावली भिंतीवर पडते."

काका गेले, बसले, मान उंचावून बराच वेळ जासईकडे बघत राहिले.

"हितून पन तेवरंच दिसतं," ते म्हणाले.