चहातली पांढरी पूड

पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात डोकावलो, एवढंच निमित्त. पाठमोऱ्या बायकोने एका कपात चमचाभर पांढरी पूड ढवळली आणि तिची बरणी पिठाच्या डब्यामागे सरकवली. कप दोन, दिसायला अगदी सारखे; पूड एकातच. तो कप कुणाचा, हे ओळखायला डॉक्टरेट लागत नाही. (माझ्याकडे आहे. रसायनशास्त्रातली.)

इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही मला संपवायला निघाली होती. कारणं मला सुचेनात असं नाही.

कप टेबलावर मांडून ती आत चष्मा आणायला गेली, तेवढ्यात मी माझ्यापुढचा कप तिच्यापुढे आणि तिचा माझ्यापुढे केला. तिला काहीच झालं नाही. माझ्या पोटात मात्र दुपारी ढोल वाजू लागले. चमचा तोच, म्हणजे अंशमात्र माझ्याही कपात उतरलं असणार. अंशमात्राने हे, तर चमचाभराने काय झालं असतं?

मी रोज कप बदलू लागलो. हळूहळू पोट निवळलं आणि विचित्र म्हणजे मनही. गॅस बंद आहे ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणं थांबलं. दुपारी झोप लागू लागली. एवढं बरं वाटणं मला साफ संशयास्पद वाटलं. ही मात्र माझ्या खोकण्यावरून चिडायची, मग न खोकण्यावरूनही. मन खात असेल, दुसरं काय.

शेवटी मुलगी धावत आली. आईने तिला फोनवर सांगितलं होतं, बाबा हल्ली काळजी करत नाहीत, डॉक्टरांना दाखवायला हवं.

मी बरणी टेबलावर आणून ठेवली आणि कपांचं सगळं सांगून टाकलं.

"आहारातले तंतू आहेत ते," ही म्हणाली. "आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं. पोट सुधारलं तर मनावरचा ताणही हलका होऊ शकतो, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तुम्ही व्याख्यान द्याल म्हणून लपवलं. अहो, मी माझ्याच कपात घालत होते."

"पण तुला कसला ताण?"

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.

"त्यांनीही हेच विचारलं. मी दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या तुम्हाला दाखवलं."

आता पूड दोन्ही कपांत पडते. फक्त चष्मा आणायला जाताना ही आपला कप बरोबर घेऊन जाते.