पापड्यांचा पहारेकरी

ड्रोनने सुटणार नाही असा घरगुती प्रश्न अजून जन्माला यायचा आहे, असं माझं ठाम मत होतं. 'होतं' या शब्दावर घाईने अडकू नका, सगळं सांगतो!

मी सुयोग. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं. कुवेत सिटीतल्या एका प्रयोगशाळेत हवेतली धूळ मोजायची नोकरी करतो आणि तिथल्याच जाब्रिया भागात तारामामीकडे राहतो. "हवेतली मोजतोस, टेबलावरची जरा पुसतही जा," हे मामीचं माझ्या संशोधनाबद्दलचं मत.

माझा ड्रोन पुरणपोळीएवढा. त्याने मी कपाटावर मागे पडलेला चकलीचा सोऱ्या शोधून काढला होता. एसीच्या जाळीवर किती धूळ आहे, ते शिडी न लावता पाहिलं होतं. एकदा दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडीसुद्धा पोचवली होती. कोथिंबीर पोचली. ओट्यावर, फ्रिजवर, मामीच्या केसांत, सगळीकडे पोचली! पण जुडी सैल बांधलेली होती, हा काही ड्रोनचा दोष नव्हे.

तर मामी जाब्रियातल्याच इस्पितळात नर्स आहे. वॉर्डात तिचा असा दरारा की डॉक्टरही तिला विचारून शिंकतात. तिची मुलगी स्पृहा, माझी मामेबहीण, हिचं लग्न मे महिन्यात कराडला ठरलेलं. एप्रिलमध्ये स्पृहाच्या होणाऱ्या सासूबाईंचा, प्रभाबाईंचा, फोन आला.

"विहीणबाई, तुम्ही परदेशात. वाळवणाचा व्याप कुठं करत बसता? रुखवतातल्या पापड्या आपण इथल्या बचत गटाकडून घेऊ. तयार छान मिळतात."

त्यांनी अगदी मायेने सांगितलं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचणाऱ्या मामीला ते वाक्य टोचलं ते टोचलंच.

"तयार? माझ्या मुलीच्या रुखवतात विकतची पापडी? अहो, कुवेतचं ऊन माहीत नाही त्यांना. सकाळी घातलेली पापडी दुपारी वाजते इथे, वाजते!"

झालं! शुक्रवारी मामीची सुट्टी होती आणि सोमवारचं विमान होतं. म्हणजे शुक्रवारी साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या, वाळवायच्या, डब्यात भरायच्या आणि कराडला नेऊन विहीणबाईंच्या नाकासमोर मांडायच्या. अडचण एकच. गच्चीवरची कबुतरं!

ती हारूनभाईंची. हारूनभाई मूळचे दापोलीकडचे, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एसीचे सुटे भाग विकतात. गच्चीच्या कोपऱ्यात त्यांचा कबुतरखाना आहे. स्वतःच्या नातवंडांची नावं सांगताना ते अडखळतात, कबुतरांची मात्र घडाघडा सांगतात.

"हारूनभाई, उद्या तुमच्या फौजेला आवरा हं!" मामी जिन्यात म्हणाली.

"अवो वहिनी, माझी कबुतरां लई शिस्तीची हायत. बोलावल्याशिवाय कुनाच्या ताटावर जायाची नाहीत. तरी जुम्म्याची नमाज पढून येईपर्यंत कबुतरखाना बंदच ठेवतो. मग मात्र सोडावी लागतील बिचाऱ्यांना."

"मग दुपारी काय करायचं? उन्हात मी काठी घेऊन बसू?" मामी घरात येऊन करवादली.

मी खाकरलो. "मामी, काठीचं युग संपलं."

स्पृहाने मोबाइलमधून मान वर केली. ती कुवेतमध्येच वाढली, त्यामुळे तिला संकटाची चाहूल इंग्रजीत लागते. "दादा, प्लीज. नॉट द ड्रोन."

पण मी रात्रीच पुठ्ठ्याचे तपकिरी पंख कापून ड्रोनला चिकटवले. ससाणा! या देशात ससाण्याला केवढा मान! कबुतरं नुसती सावली पाहून पळतील, असा माझा हिशोब होता. ड्रोन बाहेर उडवायला इथे परवानगी लागते, हेही मी विसरलो नव्हतो. पण आमच्या गच्चीला चारही बाजूंनी पुरुषभर उंच भिंत आहे. म्हणजे ती छत नसलेली खोलीच! कमरेच्या वर न्यायचं नाही, म्हणजे झालं. (हे तर्कशास्त्र कुठे वापरू नका.)

शुक्रवारी सकाळी मामीने प्लॅस्टिकच्या कागदावर पळीपळीने पापड्या घातल्या. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या. गच्चीवर जणू रांगोळीच उमटली. मी रीतसर चाचणी घेतली. ड्रोन पापड्यांवरून दोनदा नेला. एकही पापडी हलली नाही. एकही कबूतर फिरकलं नाही. निष्कर्ष : प्रयोग यशस्वी!

"बघितलंस, मामी?"

"बघितलं," मामी म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. तिथेच मी बिघडलो.

दुपारपर्यंत मामीच्या म्हणण्याप्रमाणे पापड्या वाजायला लागल्या. कडा सुटून वर वळल्या. मामीने एक उचलून कानापाशी मोडली, कट्! "आता प्रभाबाईंना फोन लाव गं. त्यांना दाखवू दे कुवेतचं वाळवण."

स्पृहाने व्हिडिओ कॉल लावला. मी त्याहून पुढे गेलो. "थांब, ड्रोनचा कॅमेराच दाखव त्यांना. वरून काय सुंदर दिसेल!"

फोनवर प्रभाबाई चष्मा सावरून बसल्या. मामीने पदर सारखा केला. तेवढ्यात हारूनभाई नमाज पढून आले, दुरून हात हलवला आणि कबुतरखान्याचं दार उघडून खाली जेवायला गेले.

मी ड्रोन सोडला. घुर्रर्र!

"अगंबाई, किती छान रंग आलेत!" प्रभाबाई म्हणाल्या.

मामी फुलली. "घरच्या आहेत म्हटलं!"

आणि पहिली गुलाबी पापडी उठून उभी राहिली. मग दुसरी. मग पूर्ण रांग! सकाळी पापड्या ओल्या होत्या, कागदाला चिकटल्या होत्या. आता त्या वाळून पिसासारख्या हलक्या झाल्या होत्या. हवेत राहायचं तर ड्रोनला हवा खाली ढकलावी लागते, हे मी चार वर्गांना शिकवू शकतो. मला ते आठवलं, पण पापड्यांना माझ्या आधी आठवलं होतं!

"दादा, वर घे! वर घे!"

"वर नाही नेता येत! कमरेच्या वर जायचं नाही!"

"मग खाली घे!"

खाली घेतला. त्याने उरलेल्याही निघाल्या. आता त्या सगळ्या भिंतीच्या कडेने, वरातीत नाचणाऱ्या पोरांसारख्या, एकमेकींवर आदळत निघाल्या. कुठे? तर थेट कोपऱ्यात. कबुतरखान्याच्या उघड्या दाराशी!

मी मात्र अजून आशेवर होतो. ससाणा होता ना! मी ड्रोन कोपऱ्याकडे वळवला. आता ही कबुतरं भेदरून आभाळात जाणार!

कबुतरं बाहेर आली. त्यांनी ससाण्याकडे पाहिलं. आणि अतिशय शिस्तीने, ओळीने, पापड्यांवर बसली.

"अगं, हे काय चाललंय?" फोनमधून प्रभाबाईंचा आवाज. "पंगत आहे का कसली?"

"हाकल त्यांना, सुयोग! हाकल!" मामीने चप्पल काढून भिरकावली. चप्पल कबुतरांना लागली नाही, ससाण्याला लागली. ससाणा भेलकांडत कपड्यांच्या दोरीकडे गेला, मामीच्या पांढऱ्या गणवेशाच्या बाहीत शिरला आणि आतल्या आत घुरघुरायला लागला. बाही फुगली. गणवेश दोरीवर हात हलवून सगळ्यांचा निरोप घेऊ लागला. मग 'खट्' असा आवाज झाला आणि एक पंखा तुटून खाली पडला.

आता गच्चीवर फक्त कुरुम कुरुम असा आवाज. मामीचं म्हणणं खरं होतं. पापड्या उत्तम वाजत होत्या!

आवाज ऐकून हारूनभाई तोंडातला घास तसाच ठेवून वर आले. त्यांनी सगळा देखावा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अरे माझ्या भाच्या! ह्यांना घुर्रर्र ऐकवलास?"

"ती घाबरावीत म्हणून..."

"घाबरतील कशाला? उन्हानं हैरान होतात म्हणून मी रोज पंखा लावतो नि त्याच्यासमोर दाना टाकतो. पंख्याचा आवाज आला की जेवन आलां, येवढां त्यांना पक्कां ठावं! म्हटलं होतं ना वहिनी, बोलावल्याशिवाय जायाची नाहीत. हा तर आवतान देऊन बसला!"

मामीने हातातल्या मोडक्या पापडीकडे पाहिलं, तीच एक उरली होती. पहाटेपासून ती पळी घेऊन वाकली होती.

फोनमधून प्रभाबाई हळूच म्हणाल्या, "विहीणबाई... बचत गटाला सांगून ठेवू का?"

"अजिबात नाही!" मामी कडाडली. "साबुदाणा आहे घरात! उद्या परत घालते!"

शनिवारी मामीने इस्पितळात ड्यूटी बदलून घेतली. हारूनभाईंनी कबुतरांना दिवसभर कुलूप लावलं आणि दाण्याच्या जोडीला माझी खबर त्यांना सांगत बसले. आणि गच्चीवर भर उन्हात, डोक्याला ओला पंचा, हातात काठी, असा एक पहारेकरी बसला. तो परवानगीशिवाय चालत होता, बॅटरी संपत नव्हती, आणि त्याला दर तासाला ताक द्यावं लागत होतं. तो मी!

पापड्या कराडला पोचल्या. एकही मोडली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रभाबाईंनी तळून चाखली आणि मान डोलावली. "वाजते हो खरंच. बचत गटाची नसती वाजली अशी." मामीने पदर सारखा केला. त्या क्षणी तिने मला माफ केलं असावं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रुखवत मांडलं तेव्हा मी पुढे होऊन पाहायला गेलो. पापड्यांचा मनोरा, शेवयांचं घरटं, लोकरीची तोरणं. आणि अगदी मधोमध, लाल मखमलीवर, जरीची झालर लावून, एक पंखा तुटलेला माझा ड्रोन! पुठ्ठ्याच्या पंखांसकट. वर हळदकुंकू वाहिलेलं.

नवऱ्यामुलाकडची पाहुणे मंडळी त्याच्याभोवती जमली होती. एका आजोबांनी कुतूहलाने विचारलं, "अहो, हे उडतं का?"

"हे नाही उडत," मामी गोड हसून म्हणाली. "हे पापड्या उडवतं. माझा भाचा शास्त्रज्ञ आहे ना!"

रुखवतात सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघाले. तेही हातात मोबाइल धरून, खुर्चीवर चढून. वरून काढायला ड्रोन हवा होता, असं कुणीतरी म्हणालं. मी जेवायला निघून गेलो.