सहाचे अठरा ठोके

सहाला चार मिनिटं कमी असताना यंत्रानं घंटेची टेप चावून टाकली. आयर्लंडच्या टीव्हीचं ते पहिलंच वर्ष होतं आणि संध्याकाळच्या बातम्यांआधी प्रार्थनेची घंटा वाजली नाही, असा एकही दिवस अजून गेला नव्हता. ठोके अठरा: तीन, तीन, तीन आणि मग नऊ. घराघरांत लोक हातातलं काम टाकून उभे राहायचे.

ड्यूटीवर फिडेल्मा कडिही होती, तांत्रिक विभागातली एकमेव बाई. नोकरीतली तिची उमेदवारी त्या शुक्रवारी संपणार होती आणि विभागप्रमुख टूही साहेब तिला काढायला निमित्तच शोधत होते. आज सोमवार होता.

दुसरी टेप शोधण्यात तिनं वेळ घालवला नाही, कारण दुसरी टेप नव्हतीच. तिनं पाना घेतला आणि खोलीतल्या वस्तू वाजवून पाहिल्या. फिल्मचा डबा बद्द वाजला. टेबलाच्या पायाचा आवाज लगेच मरत होता. दाराजवळचं आग विझवायचं पितळी नळकांडं मात्र सुरेख घुमलं. ते भरून आणायला काढून ठेवलेलं, म्हणजे रिकामं होतं. भरलेलं असतं तर नाद दबला असता. तिनं ते दोरीनं टांगलं, पान्याला फडकं गुंडाळलं, मायक्रोफोन दोन फुटांवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत पहिला ठोका दिला.

दुसऱ्या ठोक्याला टूही साहेब तरातरा आत आले. त्यांनी तोंड उघडलं आणि तिसरा ठोका पडला. घंटा चालू असताना बोलायचं कसं? त्यांनी मुकाट्यानं मान खाली घातली. मागून धावत आलेल्या दोघांनीही घातली. पुढचं पुरतं मिनिटभर तिघे जण नळकांड्यासमोर हात जोडून उभे होते.

अठरावा ठोका विरल्यावर साहेब म्हणाले, "शुक्रवारी सामान आवर."

तेवढ्यात फोन खणखणला. आजची घंटा फार गोड होती, कुठल्या चर्चची, असं एक बाई विचारत होत्या. पश्चिमेकडच्या एका लहानशा चर्चची, असं साहेबांनी घाईत सांगून टाकलं आणि तिथंच ते फसले. दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या मेयो परगण्यातल्या तीन पाद्र्यांनी आपापल्या चर्चची घंटा ओळखली. त्यातले दोघे एकमेकांना खोटं ठरवू लागले. संध्याकाळी नवी टेप लावली, तर ही घंटा पत्र्यासारखी वाजते म्हणून तक्रारी आल्या. बुधवारी साहेबांनी स्वतःच फिडेल्माला पाना आणून दिला. गुरुवारी बिशपांचे चिटणीस फादर मलार्की वाद मिटवायला हजर झाले.

घंटा कोणत्या चर्चची, असं त्यांनी विचारलं. साहेबांना खोकला लागला.

"चर्चची नाही, फादर. ही बघा," फिडेल्मानं नळकांडं दाखवलं. "टेप तुटली होती आणि हाताशी चारच मिनिटं होती."

"टूही, हे तुमच्या सांगण्यावरून झालं?"

"छे हो, फादर. सगळं हिचंच डोकं. माझा काडीचा संबंध नाही."

फादरांनी पाना उचलला, एक ठोका दिला आणि नाद विरेपर्यंत थांबले.

"आमच्या कॅथेड्रलची घंटा तडकलीय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नवी यायला वर्ष लागेल. तोवर असलं एखादं निवडून देशील, पोरी?"

"देईन की. पण उद्या माझी उमेदवारी संपतेय. पुढचं साहेबांना विचारा."

फादरांनी साहेबांकडे पाहिलं.

"सोमवारपासून कायम आहे ती," साहेब म्हणाले.

"आजपासून," फिडेल्मा म्हणाली आणि तिनं पेन त्यांच्यापुढे सरकवलं.