बबनआबांची वेणी

बबनआबा चहाला बसले की आधी दाढी खांद्यावरून मागे टाकतात, मग बशी उचलतात. नाहीतर मणी चहात बुडतात. पांढरी लांब दाढी, तिची वेणी आणि वेणीत लाल-निळे मणी. भातलावणीत ती सदऱ्याच्या खिशात खोचलेली असते.

भाजे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. लेणी बघायला येणारे लोक लेण्यांआधी आबांचे फोटो काढतात आणि मणी कशाला, असं विचारतात. आबा कुणाला निराश करत नाहीत. "त्यामागं शास्तर हाय," ही सुरुवात ठरलेली. शास्त्र दरवेळी वेगळं. एकाला सांगितलं, मण्यांच्या आवाजानं डास पळतात. दुसऱ्याला, निळा मणी गार लागला की पाऊस येतो. पाऊस खरंच आला, आणि तो गडी पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन हजर!

गाव हसायचं. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, माझ्या पोरीच्या लग्नात तरी ही शोभा नगं." आबा म्हणाले, "मग मी मांडवाभाईर जेवतो." आणि खरंच बाहेर जेवले.

वेणी मात्र कायम वाकडी. एकदा मी न राहवून म्हणालो, "आबा, माझी बायको नीट घालून देईल."

"कुणी हात लावायचा न्हाई," आबा एकदम गंभीर झाले.

मग एका सकाळी कोयता मागायला गेलो. आबा ओसरीवर हनुवटी वर करून बसले होते, आणि समोर त्यांची बायको, जनामावशी. झटका आल्यापासून मावशींचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी परसात भिरकावला होता. "मी काय ल्हान पोर हाय का?" असं म्हणून. तेव्हा त्यांच्या बोटांना काम मिळावं म्हणून आबांनी दाढी वाढवली होती. थरथरत्या बोटांनी मावशी मणी ओवत होत्या. केस ओढले की आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण मान हलायची नाही.

हळूहळू वेणी सरळ येऊ लागली. यंदा मावशी दोन्ही हातांनी भाकरी थापायला लागल्या आणि त्यांनीच फर्मान काढलं, "आता बास. दाढी काढून या. लोक हसत्यात."

आबा मळवलीला न्हाव्याकडे आले, तेव्हा खुर्चीत मीच होतो. माझं आटोपल्यावर न्हावी म्हणाला, "या आबा." आबा उठले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"जलमभर रानातनं तिला सवड न्हवती, मलाबी न्हवती," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आता रोज सकाळी घटकाभर म्होरं बसती. बोलती."

आम्ही दोघं बरोबरच घरी आलो. मावशी दारातच उभ्या होत्या.

"का वो? तशीच आणली?"

"दुकान बंद हुतं," आबा म्हणाले.

मावशींनी माझ्या ताज्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं. मग आबांकडे. आणि त्या फणी आणायला आत गेल्या.