कमीत कमी जोखमीचा स्वार

मोटारसायकल चालवणे धोक्याचे असते, एवढे चष्मेवाल्यांना ठाऊक होते. ती नुसती बाळगणे त्याहून धोक्याचे असते, हे कळायला त्यांना वयाची एक्कावन्न वर्षे लागली.

चष्मेवाले म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चष्म्यांचे दुकान चालवणारे, अध्यात ना मध्यात असे गृहस्थ. त्यांची एकुलती एक लेक टेकडीपलीकडच्या गावात दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. टेकडीवरून बस जात असे. पण कधी, हे ड्रायव्हरलाही शेवटपर्यंत कळत नसे. “पोरीची वेळ येईल तेव्हा बाप तिथं पाहिजे,” असे म्हणून चष्मेवाल्यांनी एका फोटोग्राफरकडून वापरलेली मोटारसायकल घेतली. लाल रंगाची, पुढे झुकलेली, उभी असतानाही पळत असल्यासारखी दिसणारी.

बायकोने गाडीभोवती एक चक्कर मारली. “अहो, हिच्यावर बसायचं असतं की पालथं पडायचं?”

“विमा उतरवला की काही का करेनास,” चष्मेवाले म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीत गेले.

विमा अधिकारी अतिशय सभ्य होता. त्याच्या तोंडी ‘अपघात’ हा शब्द कधी येत नसे. तो ‘प्रसंग’ म्हणे.

“कोणत्या प्रकारची गाडी?”

“दोन चाकांची.”

“तसं नव्हे. रोजच्या ये-जा करायची, लांबच्या प्रवासाची, की शर्यतीची?”

चष्मेवाल्यांनी गाडीचे वर्णन केले. अधिकाऱ्याने बोटे चालवली आणि आकडा सांगितला. तो ऐकून चष्मेवाल्यांनी आपला चष्मा पुसला, जणू दोष ऐकण्यात नसून बघण्यात होता.

“साधी गाडी असती तर ह्याच्या तिसऱ्या हिश्शात भागलं असतं,” अधिकारी म्हणाला. “ही शर्यतीच्या जातीची आहे.”

“पण मी कुठं शर्यत लावतोय?”

“तुम्ही नाही हो, गाडी लावते. इंजिन मोठं म्हणून वेग मोठा, वेग मोठा म्हणून प्रसंग मोठा. सुटे भाग महाग. त्यात चोरांना हे मॉडेल फार आवडतं.”

“चोरांच्या आवडीचे पैसे मी भरायचे?”

“चोर भरत नाहीत ना,” अधिकारी हळहळला. “बरं, आता स्वाराकडे वळू. वय?”

“एक्कावन्न.”

“छान! पोक्त वय. विशीतल्या पोरांना आम्ही दारातही उभं करत नाही. आणि अनुभव?”

“कॉलेजात असताना मित्राची चालवायचो. पेट्रोल संपेपर्यंत.”

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. “म्हणजे वय पोक्त आणि अनुभव कोवळा. आमच्याकडे ह्या वर्गाला ‘उशिरा आलेली उमेद’ म्हणतात. सगळ्यांत महाग वर्ग आहे तो.”

चष्मेवाले उठू लागले, तसा अधिकाऱ्याने त्यांना हाताला धरून बसवले. हप्ता कमी करण्याचे मार्ग होते. कंपनी माणुसकी सोडून नव्हती. गाडी रात्री रस्त्यावर राहते की बंद जागेत? बंद जागेत ठेवली तर सूट होती.

बंद जागा म्हणजे घराची पुढची खोली. सोफा गच्चीवर गेला आणि त्याच्या जागी मोटारसायकल आली. पाहुणे आले की तिच्यावर एकामागे एक बसत आणि चहा पुढून मागे सरकवत.

सूट मिळाली. पण सुटेचे खरुजेसारखे असते. एकदा खाजवले की राहवत नाही. चष्मेवाले पुन्हा अधिकाऱ्यापुढे जाऊन बसले.

“घरात आणखी कोण गाडी चालवतं? बाईसाहेब?”

“छे! ती हात लावायलासुद्धा घाबरते.”

अधिकारी खुर्चीतून अर्धवट उठला. “अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? असाच स्वार तर कंपनी शोधत असते! वेग नाही, ओव्हरटेक नाही, प्रसंग नाही. बाईंना मुख्य स्वार करा. तुम्ही अधूनमधूनचे स्वार व्हा.”

त्या दिवसापासून बायको मुख्य स्वार झाली. ती सीटवर बसून मटार सोलू लागली आणि चष्मेवाल्यांनी किल्लीकडे हात नेला की म्हणू लागली, “मुख्य स्वाराला विचारलंत का?”

पुढची सूट कमी फिरणाऱ्यांना होती. जितके किलोमीटर कमी तितका हप्ता कमी. चष्मेवाले आधी गाडीवरून रोज फेरी मारत ते आठवड्यातून एकदा मारू लागले, मग तेही सोडले. दुकानात ते पायी जात. वाटेत कुणी “गाडी कुठंय?” विचारले तर म्हणत, “घरी. वाढवतोय तिला.”

मग कंपनीचा तपासनीस घरी आला. त्याने पुढच्या खोलीची खिडकी हलवून पाहिली आणि नापसंतीने ‘च्च’ केले. “इथून चोर येईल. गाडीवर बसेल. दारातून निघून जाईल.”

“मग काय करू?”

“चाकं काढा. बिनचाकाची गाडी पळवून नेल्याचं आमच्या कंपनीच्या इतिहासात एकही उदाहरण नाही.”

चाके निघाली. गाडी विटांवर चढली. पण दोन्ही चाके एकाच घरात असली तर कष्टाळू चोर ती जोडू शकतो, असे तपासनिसाचे मत पडले. म्हणून एक चाक कपाटावर गेले आणि दुसरे कंपनीच्या गोदामात सुरक्षित जमा झाले. गोदाम कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत उघडे असे.

आता हप्ता असा उतरला की चष्मेवाल्यांना स्वतःचा अभिमान वाटू लागला. गिऱ्हाइकाच्या डोळ्याचा नंबर काढता काढता ते सांगत, “गाडी घ्यायला काय, कुणीही घेतो. ती ठेवावी कशी, ह्याला अक्कल लागते.” बायको मात्र लेकीचे दिवस भरत आले तशी बसच्या थांब्यावर जाऊन बसली आणि जी बस मिळाली तिने पुढे निघून गेली. जाताना एवढेच म्हणाली, “तुमचं चाक येईल तेव्हा या.”

रविवारी दुपारी जावयाचा फोन आला. “बाबा, तिला दवाखान्यात आणलंय. सारखी विचारतेय, बाबा निघाले का म्हणून.”

मागून बायकोने फोन ओढून घेतला. “अहो, मुख्य स्वार बोलतेय! परवानगी आहे! निघा!”

चष्मेवाले गोदामाकडे धावले. गोदामाला कुलूप. तिथून टॅक्सीच्या थांब्यावर गेले. टॅक्सीवाल्याने टेकडीचे नाव ऐकताच काच वर करायला घेतली. “चढाची, वळणावळणाची वाट आहे ती, काका. तिकडं गेलो असं कळलं तर माझा हप्ता वाढतो.”

“अरे, माझी पोरगी...”

“पोरगी सगळ्यांनाच आहे हो,” टॅक्सीवाला म्हणाला, आणि त्यातही खोटे काही नव्हते.

शेवटी चष्मेवाल्यांनी इस्त्रीवाल्याची सायकल मागितली. इस्त्रीवाला भला माणूस, तो म्हणाला, “न्या की. फक्त ब्रेकचं तेवढं मनावर घेऊ नका.”

चढ त्यांनी सायकल ढकलत पार केला. छाती भात्यासारखी हलत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि डोक्यात एकच विचार होता: पोरगी विचारत असेल. उतार लागला तसे ते स्वार झाले. पहिले वळण जमले. दुसरे वळण आले, पण चष्मेवाले वळले नाहीत.

एका टेम्पोवाल्याने त्यांना कुंपणातून उपसून थेट लेकीच्याच दवाखान्यात नेले. गळपट्टीचे हाड मोडले होते. संध्याकाळी बायको नातीला घेऊन त्यांच्या खाटेपाशी आली. चष्मा कुंपणातच राहिला होता. साऱ्या गावाला नीट दिसावे म्हणून झटलेल्या माणसाला स्वतःची नात मात्र एक गुलाबी धुके एवढीच दिसली. त्यांनी धडधाकट हाताचे एक बोट त्या धुक्यात नेले. कुणीतरी ते घट्ट पकडले.

दोन दिवसांनी विमा अधिकारी फुले घेऊन आला.

“अभिनंदन! ह्या वर्षीचा ‘कमीत कमी जोखमीचा स्वार’ हा मान कंपनीने तुमच्या घराला दिलाय.”

“अहो, माझं हाड मोडलंय!”

“सायकलवर. सायकल आमच्याकडे येत नाही. तुमच्या मोटारसायकलला साधा ओरखडा नाही, मी स्वतः जाऊन पाहिलं. फार सुखात आहे ती.” मग त्याने आवाज खाली घेतला. “फक्त पुढच्या वर्षीपासून अधूनमधूनच्या स्वाराचा प्रसंगांकडे कल दिसून आलाय, असं धरावं लागेल. हप्ता थोडा चढेल.”

“माझं चाक परत द्या,” चष्मेवाले म्हणाले.

“देतो ना. पण मग हप्ता थोडा नाही, पुष्कळ चढेल.”

चष्मेवाले घरी आल्यावर सारी गल्ली त्यांना भेटायला लोटली. विटांवरची गाडी पाहून लोक पोट धरधरून हसले. शिंपी म्हणाला, इतका मूर्खपणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. औषधवाल्याला हसता हसता ठसका लागला. शिकवणीच्या मास्तरांनी तर शिक्षित माणसाच्या अधःपतनावर छोटेसे भाषणच ठोकले.

मात्र निघताना एकेक जण दाराशी घुटमळला. चपलेत पाय घालता घालता, इकडेतिकडे बघत, प्रत्येकाने हळूच विचारले, “ते सगळं जाऊ द्या हो. पण चाक काढल्यावर हप्ता नेमका किती उतरतो?”

चष्मेवाल्यांनी आकडा कुणाला सांगितला नाही. आम्हीही तो इथे मुद्दामच दिलेला नाही. दिला असता, तर तुम्ही ही गोष्ट अर्धवट टाकून एव्हाना पाना शोधायला उठला असता.