डोमाजीचा डोंगा

डोमाजीच्या डोंग्याला ‘हलतो’ म्हणायची सोय नव्हती. एखादा नवा माणूस काठ घट्ट धरून तसं म्हणाला, की हा भर वैनगंगेत वल्हं उचलून थांबायचा आणि शिकवणी सुरू करायचा. डोंगा डोलतो, म्हणजे झुकून आपल्या जागी परत येतो. त्यात काळजी नाही. एका अंगाला माणसं जास्त झाली की तो लचकतो. आणि रिकामा असला की बिथरतो. रिकामा डोंगा सगळ्यात वाईट, असं त्याचं ठाम मत.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या साली माझी बदली नदीपलीकडच्या शाळेत झाली. तेव्हापासून रोज दोनदा हे ऐकत होतो. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून यावं, तर इथे पुन्हा शाळा भरलेली. माणसंही तो याच मापानं मोजायचा. आमचे मुख्याध्यापक लचकणारे, सरपंच बिथरणारा. माझ्यावर त्याचा शेरा होता, "गुर्जी डोलते, पन झोपेत."

बसायच्या जागाही त्यानंच ठरवलेल्या. बांगड्या विकणारी कुसुमबाई पुढे, दूधवाला नत्थू मधे उजवीकडे, मी मागे डावीकडे. कोणी जागा बदलली तर डोंगा सुटत नसे.

मग पूल झाला. कुसुमबाई एसटीनं जाऊ लागली, नत्थू सायकलनं. उरलो मी एकटा. खरं सांगायचं तर मीही कंटाळलो होतो. मोटरसायकल घेतली, आणि हे त्याला कसं सांगायचं या विचारात आठवडा काढला.

शेवटी एका सकाळी आज सांगायचंच म्हणून घाटावर गेलो. डोंग्यात रेतीची पोती ठेवलेली. पुढचं कुसुमबाईच्या वजनाचं, मधलं नत्थूच्या, असं त्यानं समजावलं. मागे डावीकडेही एक होतं, ताजं शिवलेलं.

"फटफटी घेतली म्हून आयकलो, गुर्जी," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं बी भरून ठेवलो. उचलून पाहा जी, बरोबर हाये का."

मी उचललं. अगदी बरोबर होतं. माझ्या घरातही कुणाला माझं वजन ठाऊक नव्हतं. पोतं घाटावर उतरवलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो.

मोटरसायकल अंगणात उभी आहे. शाळेत मी अजूनही रोज उशिराच पोचतो.